पेपर प्लेट्सची ओळ

तुमच्या मुलांच्या शाळेची खाऊची यादी तुम्ही शेवटची नीट कधी वाचलीत? स्वतःचं नाव शोधलं, तारीख कॅलेंडरवर टाकली आणि यादी बंद केली, तसं नव्हे. वरपासून खालपर्यंत. चकली कोणाकडे, ढोकळा कोणाकडे, आणि अगदी तळाशी, पेपर प्लेट्स आणि नॅपकिन्सच्या ओळीपुढे कोणाचं नाव आहे, हे कधी पाहिलंत?

मी एक आख्खं वर्ष पाहिलं नव्हतं.

चार दिवसांपूर्वी ती यादी पुन्हा आली. सप्टेंबर संपत आला की इथे परदेशात, आमच्या रेडमंडमध्ये, दोन गोष्टी न चुकता येतात. बारीक पाऊस, जो पडतो की नुसता हवेत उभा राहतो ते कळत नाही, आणि रविवारच्या मराठी शाळेची ईमेल. 'नमस्कार पालकहो, नवीन सत्राची खाऊची शीट सोबत जोडली आहे.' बस स्टॉपवर उभी राहून मी फोनवर ती शीट उघडली. स्क्रीनवर पावसाचे थेंब पडत होते, त्यांनी नको तिथे बोट लागल्यासारखी शीट खालीवर सरकत होती. आणि मला दोन वर्षांपूर्वीचा तो शरद ऋतू आठवला. आठवला म्हणजे काय, माझ्यासाठी रेडमंडचा शरद तेव्हापासून तोच आहे.

आमची शाळा एका सरकारी शाळेच्या कॅफेटेरियात भरते. रविवारी दुपारी दोन ते चार. घडीची लांब टेबलं, त्यांना जोडलेल्या गोल बैठका, जमिनीला मेण आणि संत्र्याच्या सालीचा मिसळलेला वास. दाराशी मुलांचे ओले रेनकोट एकावर एक टाकलेले असतात, त्यातला आपला कुठला यावरून चार वाजता दर आठवड्याला एक छोटं युद्ध होतं. खिडकीबाहेर मेपलची झाडं. ऑक्टोबरात ती अशी पिवळी होतात की ढगाळ दुपारीही वर्गात दिवा लावल्यासारखं वाटतं. आणि भिंतीवर तीसेक भाषांमध्ये लिहिलेलं एक भलंमोठं पोस्टर, त्यात डाव्या कोपऱ्यात मराठीही: 'इथे सर्वांचे स्वागत आहे'. आमच्या मुलांना आपली लिपी तिथे सापडली की कोण आनंद होतो! पहिल्या दिवशी प्रत्येक नवं मूल त्या ओळीवर बोट ठेवून वाचतं.

ती जागा वापरायची तर आम्हा स्वयंसेवकांना एक ऑनलाइन ट्रेनिंग करावं लागतं. समानता, विविधता, सर्वसमावेशकता. चाकाच्या खुर्चीतली मुलगी मैदानात येऊ शकत नाही, तुम्ही काय कराल? नव्या मुलाला इंग्रजी येत नाही, तुम्ही काय कराल? चारांतला तिसरा पर्याय बहुतेक वेळा बरोबर असतो. मी सगळी उत्तरं बरोबर देऊन सर्टिफिकेट छापून घेतलं होतं. मला ते ट्रेनिंग थोडं बाळबोधही वाटलं होतं. कारण मी कोण? मी सोलापूरच्या अशा घरात वाढले जिथे वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त यायची. आईबाबांच्या संघटनेची पत्रकं मी सहाव्या वर्षापासून घडी घालायला बसायचे. शाई हाताला लागायची, ती वरणभाताबरोबर पोटात जायची. मी वाचायला शिकले तेच 'जाहीर आवाहन' या दोन शब्दांवर. समतेबद्दल मला काय शिकवणार, असा माझा तोरा होता.

तर, दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातला एक रविवार. माझ्या वर्गात आठ-नऊ वर्षांची अकरा मुलं. विषय होता 'आमच्या घरचा पदार्थ'. प्रत्येकानं उभं राहून एक वाक्य मराठीत म्हणायचं: आमच्या घरी अमुक छान होतं, आम्ही शाळेत अमुक आणतो.

रोहन म्हणाला, "आमच्या घरी चकली छान होतं."

"होते. चकली होते."

"होते. बट माय डॅड बर्न्स इट."

कोणी ढोकळा म्हणालं, कोणी शंकरपाळे. मग आर्या उभी राहिली. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, वर्गातलं सगळ्यात स्वच्छ मराठी. ती म्हणाली, "आम्ही शाळेत पेपर प्लेट्स आणि नॅपकिन्स आणतो."

मी हसून म्हटलं, "अगं, खायचा पदार्थ सांग."

तिला माझा प्रश्न कळला नाही. रोहननं तिला मदत केली. "आर्याज फॅमिली इज प्लेट्स," तो मला समजावून म्हणाला, जसं आपण नव्या माणसाला सांगतो की टॉयलेट त्या बाजूला आहे.

कोणीही हसलं नाही. हे मला आजही टोचतं. चिडवाचिडवी झाली असती तर मी ओरडले असते, विषय तिथेच संपला असता. पण मुलांच्या लेखी ती साधी माहिती होती. रोहनकडे चकली, अमुककडे ढोकळा, आर्याकडे प्लेट्स. आभाळ निळं आहे, तसं. आर्या खाली बसली आणि वहीत तिनं एका गोल प्लेटचं चित्र काढलं. रिकाम्या.

शाळा सुटल्यावर मी फोनवर शीट उघडली. मग मागच्या वर्षीची. मग त्याच्याही मागची. आर्याची आई म्हणजे वैशालीताई, नागपूरच्या. इथे एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात. तीन वर्षं, दर सत्रात, तळाच्या ओळीपुढे त्यांचंच नाव. बाकी सगळ्या ओळींतही तीच नावं, तेच पदार्थ, कारण शाळा चालवणाऱ्या मेधाकाकू दर वर्षी जुन्या शीटची कॉपी करायच्या आणि फक्त तारखा बदलायच्या. पंधरा वर्षं शाळा चालवतात त्या. पुण्याहून आल्या तेव्हा इथे मराठी बोलणारी चार घरं होती म्हणतात. नव्या विद्यार्थ्यांना त्यांनी विमानतळावरून आणलंय, बाळंतपणं काढलीत. मलाही पहिल्या थंडीत त्यांचाच जुना कोट मिळाला. "ज्याचा जो हातखंडा, ते त्यानं आणावं," असं त्यांचं साधं धोरण होतं. दर वर्षी नव्यानं विचारत बसायचं कशाला?

आणि इथे माझ्यातली पत्रकं जागी झाली.

त्या संध्याकाळी मी सगळ्या पालकांना ईमेल पाठवली. विषय: जाहीर आवाहन. खरंच. सातशे शब्द. 'आपण सातासमुद्रापार आलो, पण आपल्या ताटाखालची जात मात्र सामानात बांधून आणली का?' असं पहिलं वाक्य होतं. मी कोणाचंही नाव घेतलं नव्हतं, याचा मला अभिमान होता. 'एका कुटुंबाच्या हातचं आपण तीन वर्षांत एकदाही खाल्लेलं नाही,' इतकंच लिहिलं होतं. शीट सगळ्यांना उघडी होती. ती उघडून तळाची ओळ वाचायला कोणाला कितीसा वेळ लागणार?

पुढच्या रविवारी आर्या आली नाही. त्याच्या पुढच्याही. रेनकोटांच्या ढिगात तिचा जांभळा कोट नव्हता, आणि मला पहिल्यांदाच कळलं की वर्गात घुसता घुसता मी दर वेळी तो शोधत असते.

मेधाकाकू मात्र होत्या. मुलं गेल्यावर टेबलं घडी करताना त्या म्हणाल्या, "मुक्ता, पंधरा वर्षांत मी कुणाला जात विचारली असेल तर सांग."

"विचारावी लागत नाही काकू. आपण गाव विचारतो, आडनाव विचारतो, मग 'अच्छा अच्छा' म्हणतो."

"गाव विचारणं पण आता पाप झालं का गं? चार माणसं भेटली की माणूस विचारतोच."

"माझं आडनाव ऐकून कोणी थांबत नाही. तुमचंही नाही."

टेबलाचा खटका लागत नव्हता, दोघी मिळून ते दाबत राहिलो. मग काकू एकदम म्हणाल्या, "वैशालीनं पहिल्या वर्षी काहीतरी आणलं होतं की. वड्या होत्या बहुतेक." थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "मी त्यातली घेतली होती का, तेवढं काही आठवत नाही."

मला बाकीचं कळलं ते स्विमिंग पूलच्या काचेबाहेर. गुरुवारी आर्याचा पोहण्याचा क्लास असतो हे माहीत होतं, तिथे मी गेले. काचेपलीकडे निळं पाणी, क्लोरीनचा वास, टोप्या घातलेली मुलं बदकांसारखी रांगेत. वैशालीताई बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले तरी त्यांनी नजर पाण्यावरून हलवली नाही.

"वैशालीताई, मला माफ करा."

"काहून लिहिलंस तू ते?"

"मला राग आला होता."

"तुला राग आला. बरं." त्या शांत होत्या. "मला विचारलंस का, की वैशालीताई, तुम्हाला राग आलाय का? तुमच्या वतीनं मी चिडू का?"

काचेपलीकडे आर्यानं पाण्यातून डोकं वर काढलं आणि आईला हात केला. त्यांनीही केला.

मग त्यांनी सांगितलं. त्या तीन वर्षांच्याही आधी, शाळेतल्या पहिल्याच वर्षी, त्यांनी सांबारवडी केली होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, म्हणाल्या, नाहीतर इथली माणसं इडलीबरोबरचं समजतात. कोथिंबीर, सुकं खोबरं, खसखस, तीळ, बेसनाच्या पारीत गुंडाळून तळलेली. ना अंडं, ना मांस, कोणाला सबब नको म्हणून. पहाटे उठून साठ वड्या. शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये एका काकांनी ट्रे हातात घेत विचारलं, "नागपूरचे म्हणजे नक्की कुठले? आडनाव काय म्हणालात?" त्यांनी सांगितलं. ते "अच्छा अच्छा" म्हणाले. चार वाजता ट्रे जवळजवळ भरलेला परत आला.

"कोणी काही बोललं?"

"कोणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं. मी तीन वर्षं विचार करतेय, तिखट झाली असेल का. त्या दिवशी ढोकळा जास्त होता, त्यामुळे असेल का. हे डोक्यातून जातच नाही बघ. पुढच्या वेळी मी प्लेट्स लिहिल्या." आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पेपर प्लेट कोणी नाकारत नाही, मुक्ता. ती सगळेच घेतात."

ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न नव्हता. भरलेला ट्रे परत जातो, कोणी काही बोललेलं नाही, तुम्ही काय कराल? आणि असता तरी मी तिसरा पर्याय निवडून पुढे गेले असते.

पण वैशालीताईंचं खरं दुखणं वेगळं होतं. "आर्याला आम्ही काही सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सांगणार आहोत. तिच्या पणजोबांनी काय सोसलं, काय केलं, कोणाचं ऐकून शिकले, सगळं अभिमानानं सांगणार आहे मी. पण माझ्या वेळेला, माझ्या पद्धतीनं. तुझी मेल आली त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री तिनं जेवताना विचारलं, 'आई, व्हाय आर वी पेपर प्लेट्स?' रोजच्या शाळेत कोणीतरी आपल्या आईचं बोलणं ऐकून तिला सांगितलं होतं. माझ्या पोरीला तिची गोष्ट पहिल्यांदा सांगायचा हक्क माझा होता. तू तो जवळजवळ घेतलास."

कितीतरी पत्रकं मी लहानपणी घडी घातली होती, ती ज्यांच्याबद्दल होती त्यांना कोणी आधी वाचून दाखवायचं का? नंतर मी बाबांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, "चांगल्या कार्यकर्त्या दाखवायच्या. तुझी आई दाखवायची. मी नाही."

क्लास सुटला. आर्या ओल्या केसांनी धावत आली. "मुक्ताताई! तुम्ही नवीन धडा घेतला? विदाउट मी?"

"घेतला थोडासा."

"आई, वी आर मिसिंग एव्हरीथिंग!" टॉवेलमध्ये गुंडाळलेली ती आईकडे बघत राहिली. वैशालीताईंनी तिचे केस पुसायला घेतले, जरा जास्तच जोरात.

"येऊ आम्ही," त्या मला म्हणाल्या. "पण माफीनामा नको, भाषण नको, आमच्या नावाचा खास कार्यक्रम तर अजिबात नको. तुमच्या मेधाकाकूंना एवढंच सांग, या वेळी शीट कॉपी करू नका."

निरोप मी तसाच दिला. माझं एकही वाक्य न घालता. हे माझ्यासाठी किती अवघड होतं, ते पत्रकांना घडी घालणारे हात असलेल्यांनाच कळेल.

दिवाळीच्या कार्यक्रमाची शीट आली ती कोरी होती. ओळी होत्या, नावं नव्हती. आधी चार-पाच जणांच्या 'काकू, शीट उडाली वाटतं' अशा मेल आल्या. मी ती सारखी उघडून बघत होते. दुपारी पहिलं नाव पडलं, आणि ते सगळ्यात तळाशी पडलं. पेपर प्लेट्स आणि नॅपकिन्स: मेधाकाकू. ज्यांच्या अनारशांची सगळं गाव वाट बघतं, त्या मेधाकाकू. बराच वेळ काहीच नाही. मग संध्याकाळी, मधल्या एका ओळीत: सांबारवडी, वैशाली. त्यापुढे कंसात, 'तिखट असेल'.

त्या रविवारी मेपलची पानं सगळी खाली आली होती, ओल्या पुठ्ठ्यासारखी चपला-बुटांना चिकटून वर्गात येत होती. टेबलावर पदार्थांची रांग. आर्या वड्यांच्या ट्रेमागे चिमटा घेऊन उभी होती, जांभळा कोट न काढताच. वैशालीताई मागे खिडकीशी, पाठ टेबलाकडे, जणू बाहेरच्या गाड्या बघतायत. मी तिथे जाऊन काहीतरी करावं, रांगेला हाक मारावी, पहिली वडी मोठ्यानं वाहवा करत खावी, असं सगळं मनात आलं. मी हात मागे बांधून उभी राहिले.

मेधाकाकू प्लेट्स वाटत रांगेच्या तोंडाशी होत्या. शेवटची प्लेट स्वतःसाठी घेऊन त्या थेट आर्यासमोर गेल्या. वडी घेतली, चावली. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या, खरंखुरं, मिरचीचं. "अगं वैशाली, केवढी तिखट!" त्या खोकत ओरडल्या. ग्लासभर पाणी प्यायल्या आणि प्लेट पुन्हा पुढे केली. "आण अजून एक."

"लिहिलं होतं मी तसं," खिडकीकडूनच उत्तर आलं. पण वैशालीताई वळल्या होत्या.

"इट्स स्पायसी, टेक टू," आर्या पुढच्या प्रत्येकाला सांगत होती. रोहननं तीन घेतल्या आणि नळाकडे धावला.

सगळ्या वड्या संपल्या, असं लिहिण्याचा मोह होतो. पत्रकात मी तसंच लिहिलं असतं. संपल्या नाहीत. दोन कुटुंबं ट्रेपाशी आली, ढोकळ्याकडे सरकली. त्यातले एक ते पार्किंग लॉटमधले काका. त्यांना तिखट चालत नसेल, असेलही तसं. ट्रेमध्ये आठ-दहा वड्या उरल्या. पण त्या घरी न्यायला वैशालीताईंनी फॉइल शोधली, तेव्हा मेधाकाकू म्हणाल्या, "ठेव. माझ्या मिस्टरांना नेते." आणि नेल्या.

एवढंच घडलं. हे फार मोठं आहे असं मी म्हणणार नाही. त्या भिंतीवर तीस भाषांतलं स्वागत तसंच आहे, पुढच्या वर्षीही राहील. पण मुलं ते पोस्टर पहिल्या दिवशी एकदा वाचतात, आणि खाऊचं टेबल दर रविवारी. कोणाच्या घरचं काय येतं, कोण काय घेतं, कोण कुठून पुढे सरकतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. मोठ्यांनी दर वर्षी कॉपी केलेलं सगळं त्यांना पाठ असतं. आमच्या शाळेत आम्ही कोणाला काहीही वाईट शिकवलं नव्हतं. अकरा मुलांना तरीही ठाऊक होतं की एका घरातून फक्त प्लेट्स येतात.

वैशालीताईंनी आर्याला तिच्या पणजोबांची गोष्ट सांगितली का, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. हा लेख मात्र मी त्यांना आधी वाचायला दिला. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'नावं सगळी बदल. सांबारवडी बदलू नको.' तसं केलंय.

आता मी बसमध्ये आहे. काचेवर वाफ धरलीय, बाहेर मेपल पिवळे व्हायला लागलेत. यंदाची शीट कोरी आली आहे, आता दर वर्षी कोरीच येते, आणि अजून कोणीच काही लिहिलेलं नाही. मी तळाच्या ओळीत माझं नाव घालते.

तुमच्याकडेही या आठवड्यात अशी एखादी यादी येईल. शाळेची, मंडळाची, वाढदिवसाची. ती जुनी असेल तर कोरी करून मागा. मग सगळ्यांच्या आधी जाऊन पेपर प्लेट्सपुढे स्वतःचं नाव लिहा. आणि त्या दिवशी टेबलाशी तुमचं मूल शेजारी उभं असताना, ज्यांच्या हातचं आजवर खाल्लेलं नाही त्यांच्या ट्रेसमोर प्लेट धरा. तिखट असेल. दोन घ्या.